सत्तेचाळीस डिग्रीतला तलाव

भर मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, आष्टीच्या पुलाअलीकडं एक अख्खं गाव तलावात पडलं. चौसष्ट घरं, एक देऊळ, दीडशे मोहाची झाडं आणि एक ग्रामपंचायत... सगळं घसरत घसरत पाण्यात. ना आवाज, ना आरडाओरडा. ते पाहायला माणसं दोनच होती. एक दामिनी, जिनं ते गाव बांधलं होतं. दुसरा निकेश, जो नुसता हापशावर पोती भिजवायला थांबला होता.

तुम्हाला हे खोटं वाटेल. त्या दिवसाचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं नाही त्यांना सगळंच खोटं वाटतं. त्याच दुपारी पुलावरून जाणाऱ्या एका म्हशीची सावली डांबराला चिकटली. म्हैस पुढं गेली, सावली तिथंच. तीन दिवस ती म्हैस बिनसावलीची चरत होती. गोंडपिपरीच्या बसस्थानकावर घड्याळाचे दोन्ही काटे मऊ होऊन खाली लोंबले आणि दिवसभर साडेसहाच वाजत राहिले. अशा उन्हात एखादं गाव वितळलं तर त्यात नवल ते काय?

गाव खरंच होतं, पण चिंचोक्याएवढ्या घरांचं. दामिनीनं मुलचेऱ्याजवळच्या आपल्या गावाचा जुना तलाव एका पाटीवर मांडला होता, तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. पाचशे फुटांचा एक फूट करून. पाणी रेझिनचं, झाडं वाळक्या दोडक्याच्या जाळीची, मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळी मच्छरदाणीची, आणि एका डोंग्यात, छोट्या होडीत, एकटा ढिवर. नागपूरच्या एका कारखान्यात तिनं चार वर्षं बिल्डरांच्या इमारतींची मॉडेलं केली होती. त्या चार वर्षांत इतक्या खिडक्या कापल्या, की स्वप्नातसुद्धा तिला खिडक्याच दिसायच्या आणि एकीतूनही बाहेरचं काही दिसायचं नाही. आता तिला तलाव करायचे होते. चंद्रपूरला एका नव्या संग्रहालयात झाडीपट्टीतल्या जुन्या तलावांचं दालन होणार होतं. बारा मॉडेलं हवी होती, आणि नमुना पाहून काम द्यायचं ठरलं होतं. काम मिळालं तर वर्षभर घरच्या ओसरीत बसून तलाव. नाही मिळालं तर पुण्याचं पत्र आलेलंच होतं — एक जूनला हजर व्हा. तिथं बावीस मजली इमारती आपापल्या खिडक्यांची वाट पाहत होत्या.

म्हणून तर तिनं ए.सी.ची गाडी ठरवली होती. ड्रायव्हर बिरजू माणूस भला, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात गेल्याशिवाय त्याच्या हाताला गिअर सापडत नसे. आष्टीच्या पानठेल्यावर तो पाच मिनिटांसाठी उतरला. इंजिन बंद, काचा बंद. दामिनी पाण्याची बाटली भरायला हापशावर गेली. पाच मिनिटांचा खर्रा घोटता घोटता वीस मिनिटांचा झाला, आणि बंद गाडीत ऊन असं साठलं, की घरं चिकटवलेला गोंद लोण्यासारखा सुटला. गाडी उतारावर उभी. उताराच्या टोकाला तलाव.

दामिनीनं मागचं दार उघडलं आणि पाहतच राहिली. रडली नाही. गाडीच्या मागच्या कडेवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या माणसाकडं न बघता बघत राहिली.

समोरचा माणूस भिजलेली पोती खांद्यावर टाकून तिच्याच गाडीत डोकावत होता.

"बाढ आली का जी, गावात?"

"भाऊ, तुम्ही आपला रस्ता धरा."

"धरतो ना. पण तुमचा तो डोंगेवाला वाचला, पाहा. सारं गाव डुबलं अन् तो एकटा बसून आहे." जरा वाकून त्यानं आणखी निरखून पाहिलं. "फक्त उलटा बसला. जाळं टाकाले डोंग्याच्या त्या टोकावर बसा लागते, या नाई."

तेव्हा दामिनीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला, आणि उजव्या कानाच्या पाळीवर मासोळीचा एक खवला चिकटलेला... उन्हात बाळीसारखा चमकणारा. तिला भयंकर राग आला. राग येण्याचं कारण असं, की ढिवर त्या टोकावरच बसतो, हे तिला आत्ता आठवलं होतं.

मग त्यानं विचारलं नसताना सांगून टाकलं. नाव निकेश. वैनगंगेच्या काठचा, पिढीजात मासोळीवाला. मुलचेऱ्याच्या आसपासच्या बंगाली गावांत तो व्हॅननं जिवंत मासोळी पोचवतो, टाक्यांत भरून, नव्वद किलोमीटर. एक जरी मेलेली निघाली, तर तिथल्या म्हाताऱ्या त्याला गावाच्या वेशीवरूनच परत पाठवतात. या उन्हाळ्यात अजून एकही मेली नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की गाडीत ए.सी. असून उपयोग नाही, गाडीत जीव आहे हे ड्रायव्हरला ठाऊक पाहिजे.

दामिनीनं तिथूनच संग्रहालयाच्या मोठ्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि अठ्ठावीस तारीख दिली, दुपारी चार. चार म्हणजे चार, त्यानंतर यादी बंद. हातात बारा दिवस.

"मी नेऊन देतो," निकेश म्हणाला.

"माशांच्या गाडीत?"

"मासोळी तं कधी तक्रार नाई करत."

तिनं गाडीचं दार लोटलं. फोन नंबर मात्र घेतला. तोही असा, जणू रस्त्यात पडलेला कुणाचा तरी रुमाल उचलते आहे.

*

बारा दिवसांत गाव पुन्हा उभं राहिलं. त्या बारा दिवसांत निकेशची व्हॅन गावात सात वेळा आली. गावात मासोळीची मागणी एकाएकी वाढली होती, असं त्याचं सांगणं. वाढली होती की नाही देव जाणे. पण पाचव्या दिवशी गावातली मांजरं मासोळीकडं पाठ फिरवून बसू लागली, हे खरं.

दामिनीच्या घरी तिची आत्या होती, गुणाबाई. ही बाई डोळे मिटून जागी राहण्यात इतकी पटाईत, की एकदा तिच्या समोरून चोरानं तांदळाचं पोतं उचललं, तर ती डोळे न उघडता म्हणाली होती, ते नको, त्यात सोंडे झालेत, बाजूचं ने. चोर पोतं ठेवून पळाला. तर ही गुणाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसायची, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर निकेश आणि दामिनी तलावाचं बोलायचे.

तो सांगायचा, भाताच्या बांध्यांना पाणी सोडायचं दार, तुडुम, तलावाच्या मातीच्या पाळीत मधोमध नसतं, जरा बाजूला असतं. ती उखडून नीट करायची. तो सांगायचा, कमळं पाळीच्या बाजूला दाट आणि मधे विरळ. ती चिमट्यानं एकेक कमळ हलवायची. त्यानं फार सांगितलं, की ती चिमटा त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, करा आता तुम्हीच. मग त्याचे जाळी ओढणारे दणकट हात मोहरीएवढं कमळ धरून थरथरायचे... आणि ती हसायची, तोंड फिरवून.

एकदा तिनं विचारलं, मासोळी तळ्यात सोडताना नेमकं काय करता? त्यानं सांगितलं, पिशवी आणली की लगेच उघडायची नसते. तोंड बांधलेलीच तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, अर्धा तास, पाऊण तास. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकसारखं झालं, की मगच गाठ सोडायची. घाई केली, की धक्क्यानं मरते.

"अन् तोवर तुम्ही काय करता?"

"बसतो काठावर. पाहतो."

हे बोलताना तो मासोळीकडं बघत नव्हता. दामिनीनं एकदम ब्रश धुवायला घेतला, जो तिनं आत्ताच धुतला होता.

ती त्याला अजून भाऊच म्हणत होती. आपल्याकडं चहावाला भाऊ, कंडक्टर भाऊ, तलाठी भाऊ. त्या शब्दाचं वजन काही नाही. पण निकेशला मात्र दर वेळी तो शब्द पायात काटा जावा तसा जायचा, आणि दामिनीला ते दिसायचं, म्हणून ती वाक्यात एकदाच्या जागी दोनदा म्हणायची. निकेशभाऊ, तो गोंद द्या ना भाऊ. गुणाबाई मिटल्या डोळ्यांनी गालात हसायची.

व्हॅनची तालीमही झाली. मागच्या बाजूला गादी घातली, गादीवर गुणाबाई बसली आणि तिच्या मांडीवर काठोकाठ भरलेली आंबिलीची परात. घरापासून आष्टीच्या फाट्यापर्यंत. पहिल्या दिवशी अर्धी परात सांडली आणि गुणाबाईनं निकेशच्या सात पिढ्यांचा ओळखदेख नसताना उद्धार केला. नवव्या दिवशी एक थेंबही सांडला नाही. परात मात्र अर्धीच परत आली. उरलेली अर्धी गुणाबाईनं वाटेत प्यायली होती.

*

अठ्ठावीसला पहाटे पाचला गुणाबाईसकट निघाले. चार वाजायला अकरा तास, रस्ता सारा तीन तासांचा. आता ऊन काय करणार?

उन्हानं काही केलं नाही. वाघानं केलं.

आष्टी गेली, वैनगंगा गेली, गोंडपिपरी गेली. पुढच्या जंगलात एका मोरीखाली थोडं पाणी उरलं होतं, आणि त्या पाण्यात वाघ बसला होता. नुसता बसला नव्हता, मागचे पाय पाण्यात, हनुवटी रस्त्यावर. वनरक्षकांनी दोन्ही बाजूंनी गाड्या अडवल्या. वाघ उठला की सोडतो म्हणाले. आता सत्तेचाळीसच्या उन्हात ज्याला पाणी सापडलं तो कशाला उठेल? आठ वाजले. नऊ वाजले. लोक सांगतात, दहाच्या सुमारास वाघानं एकदा डोळे उघडले, रांगेतल्या गाड्या मोजल्या आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

दुपार होता होता व्हॅनमधला मॉडेलचा खोका तापू लागला. दामिनी उतरून पुढं गेली, वनरक्षकाला विनवायला. जाताना ती निकेशला म्हणाली, लक्ष ठेवा. त्यानं मान हलवली.

आणि त्यानं लक्षच ठेवलं, बिचाऱ्यानं. खोक्याला हात लावून पाहिला, चटका बसला. पत्र्याला हात लावला, हात मागं घेतला. अशा वेळी काय करायचं हे त्याला आजानं शिकवलं होतं, बापानं शिकवलं होतं, हाताला पाठ होतं. विचार करायला डोक्याची गरजच पडली नाही. त्यानं कॅन उघडला, पोतं खोक्यावर पसरलं आणि भडभडा पाणी ओतलं.

दामिनी परत आली तेव्हा पोत्याखालून पाणी ठिबकत होतं. खोक्याच्या कडेनं, आत, पुठ्ठ्याच्या पाटीत.

तिनं पोतं उचललं. झाकण उघडलं. घरं जागेवर होती, झाडं जागेवर होती, गोंद गारव्यानं टणक राहिला होता. पण एका बाजूची पाटी पाणी पिऊन फुगली होती, पापड तळताना फुगावा तशी, आणि तिच्याबरोबर तलावाची पाळ उचलली गेली होती. पाळीला मधोमध, बोटभर लांब, एक भेग.

तिनं भेगेवरून बोट फिरवलं.

"पुठ्ठा आहे तो, निकेशभाऊ," ती शेवटी म्हणाली, फार हळू. "मासोळी नाही."

त्यानं रिकामा कॅन खाली ठेवला. त्याचा चेहरा असा झाला होता, की रागावायचं ठरवूनही तिला पुरतं रागावता येईना. म्हणून तिनं दुसरं काहीतरी बोलून टाकलं, जे तिला बोलायचं नव्हतं. म्हणाली, तुमचं काय जातं, तुमच्यासाठी हे एक भाडं आहे. एक जूनला मी पुण्याला जाईन, आणि तुम्ही परवापासून पुन्हा मासोळी न्याल.

निकेशनं मान वर केली. पुण्याचं पत्र त्याला ठाऊक नव्हतं. दामिनीनं ते सांगायचं बारा दिवस टाळलं होतं, आणि आता तिला स्वतःलाच कळेना, का टाळलं होतं.

"कोन्त्या तारखेले म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"एक."

"मंग चार वाजेपर्यंत टाइम आहे," तो म्हणाला आणि उठला.

व्हॅन त्यानं रस्त्याच्या बाजूला, एका मोठ्या कुसुमाच्या झाडाच्या दाट सावलीत घेतली. तिथं बिड्या ओढत बसलेल्या चौघांना त्यानं हात जोडून लांब पाठवलं, कारण त्यानं बाहेर काढली ती ऑक्सिजनची टाकी होती. मासोळीच्या पिशव्यांत भरायची. तिला बारीक नळी लावली, चावी अगदी जराशी सोडली. नळीतून कोरडा, गार वारा सुटला. तो वारा त्यानं ओल्या पुठ्ठ्यावर फिरवायला घेतला, इंच इंच, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावर कुणी फुंकर घालतं तसं.

दामिनी पाहत होती. मग तिनं दुसऱ्या बाजूनं पाटी धरली, म्हणजे घरं हलू नयेत. दोघांची डोकी त्या छोट्या गावावर वाकलेली, मधे एक वीतभर तलाव... आणि त्याच्या कपाळावरचा घाम तलावात पडू नये म्हणून तिनं आपल्या ओढणीचं टोक पुढं केलं. स्वतःच टिपला. नळी एक क्षण भलतीकडंच वारा घालत राहिली.

"देवळावर धरा," ती म्हणाली.

"कोन्तं देऊळ?"

"समोरचं. एकच आहे."

चंद्रपूरकडची हवा तशी कोरडीठाक. इथं धुतलेलं धोतर दोरीवर टाकायला हात वर करावा, तोवर ते वाळून इस्त्री होतं. वीस मिनिटांत पुठ्ठा वाळला. पण वाकडा वाळला. तो दाबून सरळ करायला वजन हवं होतं, आणि तेही सगळीकडं सारखं. निकेशनं माशांच्या पेटीची फळी पाटीच्या मोकळ्या कडेवर ठेवली आणि दोघांनी एकाच वेळी गुणाबाईकडं पाहिलं.

गुणाबाई डोळे मिटून झाडाला टेकली होती. डोळे न उघडताच उठली, लुगडं सावरलं आणि फळीवर जाऊन बसली. म्हणाली, बारा वर्षं या तलावाच्या पाळीवर बसून भांडी घासली, आज पहिल्यांदा पाळ माह्या खाली आली.

अर्ध्या तासानं पाटी सपाट. भेग मात्र राहिली. दामिनीनं शेजारच्या शेतातल्या डबक्याची चिमूटभर ओली माती आणली, खरी माती, आणि काडीनं भेगेत भरली. वरून सुकी माती भुरभुरली. खोटी पाळ आणि खरी माती आता ओळखू येईना.

तेवढ्यात तिकडं वाघ उठला. कंटाळून उठला म्हणतात. इतकी माणसं आपल्याकडं पाठ करून एका खोक्याकडं बघताहेत, हे त्याला लागलं असावं.

या वेळी निकेशनं ओली पोती खोक्यावर टाकली नाहीत. ती त्यानं व्हॅनच्या खिडक्यांना बाहेरून बांधली. वारा पोत्यांतून गाळून आत येऊ लागला, कूलरसारखा गार. ओल बाहेर, गारवा आत, खोका कोरडा. दामिनी म्हणाली, हे आधी काऊन नाई सुचलं? तो म्हणाला, आधी कोणी रागावलं नव्हतं.

तिनं झाडीच्या बोलीत विचारलं होतं, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. नागपूरला गेल्यापासून ती बोली तिनं फक्त घरातल्या माणसांसाठी राखून ठेवली होती.

*

साडेतीनला पोचले. निकेशनं खोका लगेच आत नेऊ दिला नाही. आत ए.सी. होता, बाहेर भट्टी. व्हरांड्याच्या सावलीत वीस मिनिटं राहू दे म्हणाला. दामिनीनं घड्याळ पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि खोक्याशेजारी पायरीवर बसली. तोही बसला, दोन हात अंतर ठेवून. गुणाबाई त्या दोन हातांत येऊन बसली.

आत आधीच तीन मॉडेलं आली होती. दुसऱ्या दालनासाठी लांबून आलेल्या एका किल्ल्याचे बुरूज वाटेत इतके नरम पडले होते, की ते एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे होते. दुसऱ्या एका तलावाचं पाणी थंड दालनात येताच तडकलं, चहाचा गरम ग्लास थंड पाण्यात बुडवावा तसं.

चारला तीन मिनिटं असताना दामिनीनं आपली पाटी टेबलावर ठेवली. मोठ्या मॅडम चष्मा सावरत वाकल्या. घरं पाहिली, तुडुम पाहिलं, डोंग्यातला माणूस पाहिला आणि तो योग्य टोकाला बसलाय असं म्हणाल्या. त्यांचं माहेर तलावाकाठचं होतं. मग पाळीवर बोट ठेवलं, नेमकं त्या भेगेवर.

"ही माती खरी आहे?"

"हो. थोडी."

मॅडमनी बोटं चोळली. मग नाक जवळ नेलं. तीनदा वास घेतला.

"आणि तलावाचा वास? हा कसा आणलात?"

दामिनीनं मागं वळून पाहिलं. तो वास दरवाज्याशी उभा होता, चपला हातात घेऊन, पायरीवरून आत यायला संकोचत.

"सोबत घेऊन आले," ती म्हणाली.

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि कागदावर सही केली. बारा तलाव. वर्षभराचं काम. घरी बसून करा, म्हणाल्या, पण प्रत्येक मॉडेल असंच आलं पाहिजे, एक घर न हलता.

बाहेर आल्यावर दामिनी पायरीवरच बसली. बारा दिवसांत तिनं पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. निकेश चपला हातातच धरून समोर येऊन उभा राहिला. तिनं मान हलवली, वरून खाली. मग त्याच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की येणार नाही, आभारी आहे. निकेश तसाच व्हरांड्यातल्या माठाकडं गेला. तीन ग्लास पाणी प्यायला. चौथा डोक्यावर ओतला.

गुणाबाई म्हणाली, आता पुठ्ठा नाई, ओत खुशाल.

*

परतताना ऊन उतरलं होतं. खिडक्यांची पोती सुकून फडफडत होती. गुणाबाई मागच्या गादीवर आडवी, डोळे मिटलेले. बल्लारपूर मागं पडलं आणि बामणीचा फाटा आला. डावीकडं कोठारी, गोंडपिपरी, घर. उजवीकडं राजुरा.

व्हॅन बैलगाडीच्या चालीनं चालली होती. मागून दोन सायकली पुढं गेल्या. एका म्हाताऱ्यानं चालता चालता वळून पाहिलं, गाडी बिघडली काय म्हणून.

"तलाव तं तिथंच राह्यला," दामिनी म्हणाली. "आता काऊन हळू चालवून राह्यला?"

"जोरात चालवलं, तं गाव लवकर येते."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. वाऱ्यानं केस तोंडावर आले, ते तिनं मागं केले नाहीत. गालातलं हसू केसांमागं राहिलं तर बरं, असं वाटलं असावं.

"मंग राजुऱ्यावरून घे."

"राजुरा उलटा पडते."

"मले ठाऊक आहे."

निकेशनं ब्रेक लावला. फाट्याच्या ऐन मधोमध. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, जणू पुन्हा एखादा वाघ बसलाय.

"दामिनी... मले गोल गोल बोलता येत नाई. तू पुण्याले गेली असती, तं मी तुले सोडाले आलो असतो. तुह्या साऱ्या इमारती व्हॅनमधी घालून आलो असतो, एक खिडकी नसती हलू देली. अन् वापस येऊन... वापस येऊन काय केलं असतं, ते मले आजही नाई सुचून राह्यलं. सकाळपासून तोच इचार करून राह्यलो." तो तिच्याकडं वळला. "तू माही होशीन का?"

बाहेर उन्हाचा शेवटचा तुकडा व्हॅनच्या काचेवरून सरकत गेला. मग तिनं हात पुढं केला आणि त्याच्या स्टेअरिंगवरच्या हातावर ठेवला... चिमट्यानं कमळ ठेवावं, तसा.

"इंडिकेटर दे आधी," ती म्हणाली. "मागं ट्रक आहे."

"कोन्ता देऊ?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. माणूस इतका गोंधळला, की उजवं-डावं विसरला, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. दामिनी हसत सुटली, तिला बोलता येईना. ट्रकनं हॉर्न वाजवला. मग मागच्या गादीवरून, डोळे मिटलेल्या गुणाबाईचा आवाज आला.

"उजवा दे, जावई. राजुऱ्याले माही नणंद रायते. चहा घेऊ, तिले सांगू, मंग घरी जाऊ."